खरवडलेली जागा

“झेरॉक्सचा डाग असेल तो,” अनंत खांबेटे म्हणाला, आणि वाक्य पुरतं व्हायच्या आतच त्याला कळलं की आपण खोटं बोललो. समोर लॅपटॉपच्या पडद्यावर एकतीस चौकोन होते. त्यातल्या एका चौकोनात रुपाली हिलम नावाची मुलगी आपल्या गावाचा नकाशा दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरून बसली होती. ती उघड्यावर कुठेतरी बसलेली असावी, कारण वाऱ्याने कागद सारखा फडफडत होता आणि ती तो हनुवटीखाली दाबून धरायला बघत होती. “डाग न्हाई वाटत सर,” ती म्हणाली. “डाग असता तर काळा आला असता. हा भुरका हाय. काहीतरी खरवडून काढल्यासारखा. नकाशातलं असं काढतात का?” बाकीचे तीस जण ऐकत होते, नंदुरबारचे, जव्हारचे, पार गडचिरोलीचे. “काढत नाहीत,” अनंत म्हणाला. “सरकारी नकाशात खाडाखोड चालत नाही. जुनं कापड असतं, घड्या पडतात, ते छापताना उतरतं. चला, पुढे जाऊ.” आणि तो पुढे गेला. सर्व्हे नंबर कसा वाचायचा, हद्दीची खूण आणि ओढ्याची खूण यांत फरक कसा ओळखायचा, हे सगळं त्याने नेहमीसारखं समजावून सांगितलं. आवाज कुठे अडखळला नाही. वर्ग संपल्यावर मात्र बिबवेवाडीतल्या आपल्या घरून वर्गाची व्यवस्था बघणारी स्पृहा थांबली आणि म्हणाली, “सर, आज तुम्ही सेम स्लाइड दोनदा घेतलीत. लक्षात आलं का तुमच्या?” त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

लॅपटॉप मिटून तो कर्वेनगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून राहिला. खालच्या रस्त्यावर कॉलेज सुटल्याचा गलका होता. आदिवासी गावांतल्या समित्यांवर काम करणाऱ्या तरुण मंडळींसाठी एका संस्थेने हा वर्ग चालवला होता. आपली जमीन आणि आपलं जंगल कागदावर कसं ओळखायचं, सामूहिक हक्काचा दावा जिल्हा समितीपर्यंत कसा न्यायचा, हक्क मिळाला की शिकेकाईचा, हिरड्याचा, मधाचा धंदा गावाने मिळून कसा उभा करायचा, असा तीन महिन्यांचा अभ्यास. धंद्याचं दुसरे कोणी शिकवत. अनंतकडे नकाशे होते. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस संस्थेला हवा होता, आणि पुण्यातल्या निवृत्त माणसाला कामापेक्षाही ‘मला वेळ नाही’ असं चारचौघांत म्हणायला मिळणं महत्त्वाचं असतं. तेव्हा दोघांचंही जमून गेलं होतं. मग त्याला ते आवडायलाही लागलं. मंगळवार-शुक्रवार अकरा वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून बसे. मुलं ‘सर’ म्हणत. सातबारा इतका सोपा करून कोणी सांगितलाच नव्हता, असं एकाने लिहून पाठवलं होतं, ते त्याने बायकोला वाचून दाखवलं होतं. मागच्या वर्गाला त्यानेच सांगितलं होतं, पुढच्या वेळी प्रत्येकाने आपापल्या गावाचा नकाशा घेऊन यायचं. विद्यार्थ्यांच्या यादीत नावं होती, गावं नव्हती. शिरकोंड हे नाव त्याने ऐकलं ते कागद वर आल्यावरच. आणि नाव ऐकलं नसतं तरी चाललं असतं. डोंगराची ती सोंड, तिच्या कुशीतून निघणारा ओढा, आणि ओढ्याच्या डाव्या अंगाला तो भुरका पट्टा. माणसाला आपलं हस्ताक्षर ओळखू येतं तसा तो त्याला ओळखू आला.

चौऱ्याण्णव सालचा फेब्रुवारी. तेव्हा तो पस्तिशीचा होता आणि घाटमाथ्यावरच्या एका तालुक्यात अडकून पडला होता. उल्का पुण्यात होती, लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेलेले होते, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायला मनाई केली होती. पुण्यातले लोक तेव्हा एकाएकी जमिनींविषयी बोलायला लागले होते. ज्यांनी जन्मात कधी ढेकूळ फोडलं नव्हतं ते डोंगराच्या उतारावर बंगला बांधायच्या गोष्टी करत. शिरकोंडची मालकीची जमीन अशाच एका बंगल्यांच्या योजनेसाठी विकली जायची होती. तिच्या वर जंगल लागत होतं, आणि मालकीची हद्द कुठे संपते, जंगल कुठे सुरू होतं, मधल्या पट्ट्यात काय काय उभं आहे, हे मोजून द्यायला अनंतला पाठवलं होतं. त्या पट्ट्यात कातकऱ्यांची वाडी उभी होती. चौदा घरं. कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, दारं वाखाच्या दोरीने बांधून घातलेली, चुली गार, मडकी पालथी. माणूस नाही. दिवाळीनंतर सगळी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर जाते आणि पावसाच्या तोंडाला परत येते, हे त्याला सांगितलं ते मथुराबाईने. पाय सुजला होता म्हणून तिला मागे ठेवून बाकीचे गेले होते. ती पंचेचाळिशी-पन्नाशीची असेल, पण तेव्हा त्याला म्हातारी वाटली होती. तो तिपाईवर फळी मांडून एकेक घर नकाशावर घेत होता आणि ती काठी टेकत त्याच्या मागून चालत होती. हे अमक्याचं, हे त्याच्या धाकट्या भावाचं, हिचा नवरा गेला पण ती राहते, असं प्रत्येक दाराशी थांबून सांगत होती. त्याला कामात तो व्यत्यय वाटत होता. दुपारी तिने त्याला उकडलेले करांद्याचे कंद दिले आणि मीठ दिलं. तो तिच्या उंबऱ्यावर बसून ते खात असताना तिने विचारलं, “आमची घरं उतरली का कागदावर?” त्याने कागद फिरवून तिच्यासमोर धरला होता. चौदा बारके चौकोन. तिने मोजले होते, बोटाने, न टेकवता.

आणि मग कचेरीत रावसाहेब. रावसाहेब हे निमतानदार, म्हणजे खालच्यांची मोजणी तपासून पास करणारे. सफेद पँट, तोंडात लवंग, आवाज कधी चढलेला नाही. पक्का नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर उतरवून अनंतने त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

“ही खुराडी कसली?”

“वस्ती आहे साहेब. कातकरी.”

“माणसं किती?”

“सध्या भट्ट्यांवर गेलीत. पावसाला येतात म्हणे.”

“कोण म्हणे?”

“तिथली एक बाई म्हणाली.”

“खांबेटे, आपण मोजणी खात्यात आहात की कीर्तनाला आहात?” रावसाहेब हसले नाहीत. “मोजणीच्या दिवशी जागेवर जे असतं ते आपण दाखवतो. माणूस नाही, त्याला वस्ती म्हणत नाहीत. झोपड्या काय, आज आहेत, उद्या वाऱ्याने जातील. नकाशा पन्नास वर्षं राहतो.” मग दुसरीच फाइल ओढत, विषय संपल्यासारखं, “आपल्या पुण्याच्या बदलीवर माझी शिफारस लागते ना हो? आठवण करा मला.”

त्यांनी धमकी दिली नव्हती, आमिष दाखवलं नव्हतं; ती वाक्यं एकामागोमाग आली एवढंच. पुढे कितीतरी वर्षं अनंतने ती वाक्यं अलगअलग ठेवायचा प्रयत्न केला. त्या संध्याकाळी त्याने दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं घेतलं. कापडावर वाळलेली शाई पाण्याने जात नाही, ती खरवडावी लागते. पातं आडवं धरायचं, जोर लावायचा नाही, नाहीतर कापड फाटतं. एकेका घराला मिनिटभर लागलं. काळा भुगा फुंकरीने उडवायचा. मग खरवडलेली जागा खरखरीत राहते, तिच्यावर पुढे शाई फुटते, म्हणून ती नखाच्या पाठीने घासून गुळगुळीत करायची. हे कसब त्याला चांगलं साधलेलं होतं. सगळं झाल्यावर कापड त्याने दिव्यासमोर धरून पाहिलं आणि त्याला जाणवलं ते समाधान, काम स्वच्छ झाल्याचं. त्याला नंतर सगळ्यात जास्त बोचलं ते हेच. पश्चात्ताप तेव्हाच झाला असता तर त्याला काही अर्थ होता. त्याने शेऱ्यात लिहिलं, ‘जागेवर वस्ती आढळली नाही,’ कोपऱ्यात आपली ती वेलांटीसारखी सही केली, आणि एप्रिलात त्याची पुण्याला बदली झाली. मे महिन्यात केदार जन्मला. तीन-चार वर्षांनी कचेरीत चहा पिताना कोणीतरी सांगितलं की शिरकोंडला बंगल्यांचा रस्ता कसा सरळसोट वर गेलाय, एकही वळण नाही. नवीन अतिक्रमण म्हणून तिथली झोपडी-बिपडी काढली म्हणे. अनंतने तेव्हा दुसरा चहा मागवला होता.

उल्काला त्याने चौथ्या दिवशी सांगितलं, सकाळी, ती भाजी निवडत असताना. ती गणिताची शिक्षिका होती, आता निवृत्त. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. पूर्ण ऐकून घेऊन तिने विचारलं, “अजून कोणाला सांगितलंत?”

“तुला सांगतोय.”

“मी काय जिल्हा समिती आहे?”

तो म्हणाला, “तेव्हा परिस्थिती तशी होती. तू झोपून होतीस.”

आता तिचे हात थांबले. “म्हणजे माझ्यामुळे.”

“मी तसं म्हणालो नाही.”

“नाही म्हणालात. सत्तावीस वर्षं न म्हणता जवळ ठेवलंत.” ती उठली, देठं वर्तमानपत्रात गुंडाळून टाकून आली, आणि परत बसताना अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, राहा तिकडेच. आईकडे होते मी, रस्त्यावर नव्हते.” त्याला एकदम आठवलं की त्या एप्रिलात बदलीचा कागद घेऊन तो सासुरवाडीच्या जिन्याने दोन-दोन पायऱ्या चढून गेला होता आणि ती कशी हसली होती. ते हसणं इतकी वर्षं त्याच्या बाजूने होतं. आता ते कोणाच्या बाजूला आहे हे कळेना. दुपारी तो स्टुलावर चढून माळ्यावरच्या पेट्या धुंडाळत बसला. त्या मोजणीची कच्ची वही, ज्यात घरं पेन्सिलीने काढलेली होती, ती कधीतरी त्याच्याकडेच राहिली होती. पेट्यांत केदारच्या शाळेचे गणवेश निघाले. “घराला रंग दिला तेव्हा तुमच्या वह्या रद्दीत घातल्या,” उल्का खालून म्हणाली. “तुम्हीच म्हणालात, द्या, काही कामाच्या नाहीत.” तेव्हा कागद कुठेच उरला नव्हता. जे काही होतं ते त्याच्या तोंडात होतं.

रुपालीचा फोन आला तो त्यानंतर दोन दिवसांनी. तिने आधी स्वतःची ओळख नीट करून दिली, जणू तो विसरला असेल. बारावी झालेली, बायकांचा शिकेकाईचा गट चालवते, वनहक्क समितीची सचिव आहे. जंगलाच्या त्या पट्ट्यावर गावाने दावा लावलाय. “शिकेकाईची झाडं सगळी तिथंच हायेत सर. बंगलेवाल्यांचा वॉचमन हाकलतो. हक्क मिळाला तर गट चालंल, नाहीतर आमच्या बायापण भट्टीवर जाणार.” अठरा तारखेला प्रांताच्या कचेरीत सुनावणी होती. जुनी वस्ती होती याचा पुरावा मागत होते.

“वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात,” अनंत म्हणाला. “जुनी झाडं, देवाची जागा, पुरण्याची जागा, त्यांचे फोटो काढा.”

“काढले सर. मथुराबाईचा जबाब हाय. तेवढीच एक उरलीय सांगणारी. बाकी वाडी भट्टीवर.” तिच्या मागे वारा ऐकू येत होता. “सर, ज्यानं मोजणी केली तो माणूस जिता असला, तर त्याचा जबाब चालंल?”

“चालेल. तत्त्वतः चालेल.”

“नकाशावर सही हाय त्याची. पण वाचता येत नाही.”

अनंतच्या टेबलावर काचेखाली केदारचा लहानपणचा फोटो होता. तो त्या फोटोकडे बघत म्हणाला, “इतकी जुनी माणसं आता कुठे सापडणार?” ती म्हणाली, “व्हय, ते पण खरंच,” आणि तिने त्याचे आभार मानले.

पहिलं खोटं तोंडातून निसटलं होतं असं म्हणता आलं असतं. हे दुसरं त्याने बघून, निवडून दिलं होतं. रविवारी दोघं केदारकडे हिंजवडीला गेली. केदारची सदनिका चौदाव्या मजल्यावर. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत, आता घरूनच काम. गॅलरीतून काचेच्या इमारती दिसत होत्या, कंपन्यांच्या बसगाड्या हळूहळू पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि चौकात अडकून उभ्या होत्या. हे सगळं अनंतने मोजलेलं होतं. पुण्याला बदली झाल्यावर पुढची तीन वर्षं तो याच गावच्या शेतांतून साखळी ओढत फिरला होता. इथे माणसं घरी होती. एका बांधावर सुखदेव नावाचा शेतकरी हद्दीच्या दगडावरच जाऊन बसला होता, दिवसभर उठला नाही. “वीतभर जरी हिकडं सरकवलास तर तुझी फळी मोडीन,” म्हणाला होता. बायका भाकरी घेऊन तिथेच आल्या. तलाठी आला, पोलीस आला, पुन्हा मोजलं, आणि सुखदेवची वीतभर जमीन कागदावर अचूक उतरली. जिथे माणसं भांडायला उभी होती तिथे अनंतच्या रेषा बरोबर पडल्या होत्या. इतकी वर्षं तो स्वतःला प्रामाणिक मोजणीदार समजत आला, ते अशा भांडखोर माणसांच्या जिवावर. “बाबा, चहा घेताय ना? कसला विचार करताय?” केदार मागून म्हणाला. सत्तावीस वर्षांचा मुलगा. रुपाली याच वयाची असेल. आई भट्टीवर असताना झाली असेल. “काही नाही,” अनंत म्हणाला. “इथे पूर्वी हरभरा असायचा.”

भीती कसली होती हे त्याने स्वतःला अनेकदा विचारलं. निवृत्तिवेतन अडकवतील? इतक्या वर्षांनी कोण अडकवतं. चौकशी? रावसाहेबही जाऊन दहा वर्षं झाली. खरी भीती फार लहान होती आणि म्हणूनच तिच्याशी झुंजता येईना. त्या एकतीस चौकोनांत त्याला कोणी ‘सर’ म्हणणार नाही, एवढीच. सोळा तारखेला त्याने ठरवलं, उद्या फोन करू. सतराला त्याने निरोप लिहिला, ‘रुपालीताई, तुमच्याशी महत्त्वाचं बोलायचं आहे,’ आणि तो वाचून पाहिला, शुद्धलेखन तपासलं, आणि पुसून टाकला. अठराला सकाळी त्याने दाढी केली, आंघोळ केली, कपडे घालून बसला. शिरकोंडहून प्रांताच्या कचेरीत जायला जीप किती वाजता निघत असेल, याचा हिशेब करत बसला. एक वाजला. दोन वाजले. उल्काने जेवायला हाक मारली. तिने काही विचारलं नाही, आणि त्या न विचारण्यात काय होतं ते त्याला नीट समजलं.

मंगळवारच्या वर्गात रुपालीने स्वतःहूनच हात वर केला. दावा फेटाळला होता. पुरावा अपुरा. ती रडत नव्हती. एखाद्या कामाचा अहवाल द्यावा तसं सांगत होती. मथुराबाईला जीपने नेलं होतं, चार तास बाहेर पायरीवर बसवलं होतं. आत गेल्यावर तिने सगळं सांगितलं. चौदा घरांची नावं सांगितली, एकाही ठिकाणी अडखळली नाही. एक मोजणीवाला आला होता, त्याने घरं कागदावर घेतली, मला दाखवली, मी मोजली, असंही सांगितलं. “तर तिथला साहेब म्हणाला, मग बाई, नकाशात कुठायत घरं? तिला नकाशा दाखवला. ती म्हणाली, हा त्यो कागद न्हवं. तर सगळे हसले सर. म्हणाले, शिकवून आणलीय म्हातारी.” रुपालीने समोरचा कागद उलटा ठेवला. “येताना जीपमध्ये ती काहीच बोलली नाही. आता म्हणते, मी परत कुठं येणार नाही. मला खोटं म्हणाले.”

अनंतला आपला चेहरा पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात, लहानसा दिसत होता. इस्त्रीच्या शर्टातला, चष्म्यातला, लक्ष देऊन ऐकणारा. तो चेहरा बोलायला लागला. “ती खोटं बोलली नाही,” तो म्हणाला. “ती सही माझी आहे. मीच मोजणी केली होती. चौदा घरं मी काढली होती आणि मीच ब्लेडने खरवडली. तुम्ही त्या दिवशी विचारलंत तेव्हा मला माहीत होतं.”

मग गडचिरोलीच्या एका मुलाचा आवाज आला, अगदी निरागस, “सर, आवाज तुटून राहिला तुमचा. काही समजलं नाही. पुन्हा सांगा ना.” म्हणून त्याला ते सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करत, सातबारा समजावून सांगावा तसं. स्पृहा मधेच “सर, आपण थांबूया का?” म्हणाली, पण तो थांबला नाही. दुसऱ्यांदा सांगताना बदलीचा, बायकोच्या आजारपणाचा, रावसाहेबांचा उल्लेख करायचं त्याच्या मनात आलं, आणि त्याने तो केला नाही. आयुष्यात त्याने त्यानंतर स्वतःविषयी काही बरं म्हणायचं ठरवलं असतं तर एवढंच म्हणता आलं असतं.

रुपालीने वहीचं कोरं पान उघडलं. “कोणाकोणाची घरं व्हती?” तिने विचारलं.

“ते मी लिहून घेतलं नाही.”

“तिनं सांगितलं नव्हतं तुम्हाला?”

“सांगितलं होतं. प्रत्येक दारात.”

“बरं,” रुपाली म्हणाली. “साठ दिवसांत अपील करता येतं, तुम्हीच शिकवलंय. येणार का?”

तो आला. जानेवारीच्या एका सकाळी, पुण्यातच, कलेक्टर कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिल्हा समितीपुढे. शपथपत्र त्याने स्वतः लिहिलं होतं आणि उल्काने एकदा वाचून त्यातला ‘अनवधानाने’ हा शब्द पेन्सिलीने खोडला होता. तो शब्द त्याने परत घातला नाही. आत पाच-सहा अधिकारी होते. एकाने विचारलं, “म्हणजे शासकीय अभिलेखात आपण स्वतः फेरफार केलात, असं आपलं म्हणणं आहे?” अनंत म्हणाला, “हो.” “कोणाच्या आदेशावरून?” “हात माझा होता,” तो म्हणाला. दुसऱ्या एकाने विचारलं की इतक्या वर्षांनी घरांची संख्या कशी आठवते, तेव्हा त्याने कागद मागून घेऊन सोंड काढली, ओढा काढला, आणि चौदा चौकोन काढले. सहा एका रांगेत, पाच तिच्या मागे, तीन ओढ्याकडे वळलेले. हात सराईतासारखा चालला. खोलीत कोणी हसलं नाही. अर्ध्या तासाने त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि मग आत बोलावून सांगितलं की दावा फेरविचारासाठी खाली परत पाठवत आहोत, वस्तीचा पुरावा ग्राह्य धरावा अशा शेऱ्यासह. खांबेट्यांविषयी काय करायचं ते खातं ठरवील. एवढंच. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. पण रुपालीने तो शेरा दोनदा वाचला, फोटो काढला आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीची गाठ मारली.

ती त्याच्या कल्पनेपेक्षा बुटकी होती. चौकोनात उंची कळत नाही. बाहेरच्या लांब व्हरांड्यात दोघं उभी राहिली. शिरकोंडहून दोघंतिघं यायची होती पण वाडी भट्टीवर होती, ती एकटीच एसटीने आली होती. काहीतरी बोललं पाहिजे म्हणून अनंत म्हणाला, “मी अठरालाच यायला हवं होतं.”

“व्हय,” ती म्हणाली. तिने त्याला सोपं करून दिलं नाही. “तिला समोर बसवून खोटं म्हणाले, तेव्हा तुम्ही इथं पुण्यात घरी व्हता. नकाशाचं जुनं झालं सर. ते तुम्ही तेव्हा केलं. पण हे तर आत्ता केलं.” तिने फोन काढला. “तिला सांगते. वाट बघत असंल.” गावातल्या दुकानात कोणीतरी फोन उचलला, मथुराबाईला हाक मारायला गेलं, बराच वेळ नुसतं कोंबड्यांचं ओरडणं ऐकू येत राहिलं. मग रुपाली मोठ्याने, एकेक शब्द वेगळा करून बोलली. घरं मान्य झाली, कागदावर लिहून दिलं, तू सांगितलं ते खरं धरलं. पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. अचानक रुपालीने फोन त्याच्यापुढे केला. “बोला. तुम्हीच सांगा.”

त्याने फोन कानाला लावला. सत्तावीस वर्षं नाही, पण गेले दोन महिने तरी तो या बोलण्याची मनाशी तयारी करत होता. वाक्यं तयार होती, चांगली होती. “मथुराबाई,” तो म्हणाला, “मी तो मोजणीवाला. तेव्हा आलो होतो तो. तुमची घरं होती, चौदा होती, तुम्ही खरं बोलत होता. मी आज तसं सांगितलं.”

पलीकडे श्वास ऐकू येत होता, दम लागलेला, वर चढून आल्यासारखा.

“मला काय सांगतोस?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ओळखही नव्हती. “मला ठाव हाय घरं व्हती ती. त्या लोकांना सांगितलंस न्हवं?”

“हो.”

“मंग झालं. ठेव.”

फोन बंद झाला. व्हरांड्याच्या टोकाला शिपायाने पुढच्या कोणाचंतरी नाव पुकारलं. अनंत फोन कानाला तसाच धरून उभा राहिला, पलीकडे अजून कोणी बोलत असल्यासारखा. कारण तो खाली घेतला असता तर रुपालीकडे बघावं लागलं असतं, आणि ती हात पुढे करून आपला फोन परत मिळायची वाट बघत होती.